कात्रणांतले भिवंडीकर

कामवारी नदीच्या काठी वसलेल्या भिवंडीचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते बहुधा कल्याणच्या जोडीने येते. १६५७ च्या ऑक्टोबर महिन्यात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु त्या दिवशी या गावात कोणकोणती कुटुंबे नांदत होती, त्यांतली कोणती टिकली आणि कोणती परागंदा झाली, हे विचारू लागले की पुस्तके मौन धरतात. त्या काळी कुटुंबाचा वृत्तान्त कागदावर चढे तो वतनाच्या, इनामाच्या किंवा तलवारीच्या आधाराने. भिवंडी तालुक्यातलेच अंजूर गाव घ्या. तेथल्या नाईक घराण्यातील गंगाजी नाईक यांनी पोर्तुगीजांच्या जुलमाविरुद्ध पेशव्यांकडे दाद मागितली, १७३७ ते १७३९ च्या साष्टी-वसईच्या मोहिमेत मराठी फौजेला वाटा दाखविल्या, आणि त्या कामगिरीची हकीकत ‘साष्टीच्या बखरी’त आली, म्हणून अंजूरकरांच्या वंशजांना आपले पूर्वज नावानिशी, पराक्रमानिशी ठाऊक आहेत. पण त्याच अंजुराच्या शिवेवर मीठ पिकविणारा, भात सडणारा, खाडीतून पडाव हाकणारा जो कोणी होता, त्याच्यासाठी बखर लिहिली गेली नाही, सनद झाली नाही, महजरावर त्याची निशाणी पडली असलीच तर ती नांगराची होती आणि तिच्याखालचे नाव कारकुनाच्या मर्जीने लिहिलेले होते.

अशा कुटुंबांचे नाव वतनावाचून आणि सनदेवाचून प्रथम छापील अक्षरांत आले ते वर्तमानपत्रांत. हे मी मुद्दाम सुरुवातीलाच मांडतो, कारण जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणे जमविणे हा पेन्शनर मंडळींचा वेळ घालविण्याचा छंद आहे असा समज आपल्याकडे रूढ आहे, आणि तो समज मला अन्यायाचा वाटतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि घरोघरच्या माळ्यांवर सडत पडलेली दफ्तरे ही राष्ट्राची ठेव आहे हे महाराष्ट्राच्या गळी उतरविले. राजवाड्यांना हवे होते ते राजकारण, आणि ते सरदारांच्या व कारभाऱ्यांच्या दफ्तरांत होते. ज्यांच्या घरी दफ्तरच नव्हते, त्यांच्यापुरते वर्तमानपत्र हेच दफ्तर होय.

मराठी वर्तमानपत्राचा उगम बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पणा’त, ६ जानेवारी १८३२ रोजी झाला, १८४१ मध्ये भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’ निघाला, १८४९ मध्ये पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’, १८६२ मध्ये ‘इंदुप्रकाश’. परंतु भिवंडीच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे वर्ष १८६६ होय; कारण त्या वर्षी ठाण्यास काशीनाथ विष्णु फडके यांनी ‘अरुणोदय’ हे साप्ताहिक सुरू केले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, कलेक्टरच्या कचेरीच्या सावलीत, तालुक्यांच्या बातम्या छापण्याची सोय झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८६५ साली, भिवंडी-निजामपूरची नगरपालिका स्थापन झालेली होती. नगरपालिका आणि वर्तमानपत्र ही दोन एकाच सुमारास आली, हा योगायोग कुटुंबेतिहासाच्या फार उपयोगी पडणारा आहे. दिवाबत्ती, नळ, गटारे, घरपट्टी यांच्या निमित्ताने गावातल्या माणसांची तंटे-बखेड्यांसह नावे बाहेर येऊ लागली, आणि ती छापण्यास एक जागा तयार होती.

रेल्वेची गोष्ट याच्याही थोडी आधीची. १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली आणि पुढल्याच वर्षी कल्याणास पोचली. भिवंडी मात्र त्या रुळांच्या बाजूस राहून गेली. गावाचा मुख्य व्यापार तांदळाचा, गवताचा, लाकडाचा आणि सुक्या मासळीचा; तो खाडीच्या वाटेने आणि गाडीरस्त्याने चालला. विसाव्या शतकाच्या आरंभी जेमतेम दहा हजार वस्तीचे हे गाव आजच्या कापडनगरीची कल्पनाही करू शकले नसते. त्या काळच्या मुफसल बातम्यांत गाव भेटते ते पाऊस-पाणी, भाताचा भाव, मामलेदारांची बदली, पटकीची साथ, शाळेचा बक्षीससमारंभ अशा पाच-सहा ओळींच्या मजकुरातून. बातमी लिहिणारा बहुधा शाळामास्तर, वकील किंवा कचेरीतला कारकून असे. तो लिहितो कोणाविषयी? आपल्या आळीविषयी, आपल्या ओळखीच्या मंडळींविषयी. म्हणून ब्राह्मण आळी आणि कासार आळी येथली माणसे अशा बातम्यांत वारंवार डोकावतात, आणि कामतघरचा आगरी शेतकरी किंवा निजामपुरातला विणकर क्वचितच.

त्यांना शोधावयाचे तर बातम्यांचे रकाने सोडून नोटिसांच्या रकान्यांकडे वळले पाहिजे, आणि माझ्या मते कुटुंबेतिहासाचे खरे धन तेथेच आहे. पुष्कळ शोधक येथे चुकतात. ते मथळे वाचतात, गौरवाचे लेख वाचतात, मृत्युलेख शोधतात, आणि बारीक टाइपातल्या जाहीर नोटिसांवरून नजर फिरवून पान उलटतात. वास्तविक १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठान्वये वारस दाखल्यासाठी दिवाणी कोर्टात अर्ज आला की हरकतदारांना हजर होण्यास सांगणारा जाहीरनामा निघे, आणि असे जाहीरनामे व तत्सम नोटिसा वर्तमानपत्रांतही येत राहिल्या. मयत इसमाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, अर्जदाराचे मयताशी नाते, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण, कधीकधी मिळकतीच्या चतुःसीमा, एवढे सगळे एका चौकोनात. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, उत्तरेस तमक्याची पडीक जागा, दक्षिणेस विहीर: ही चतुःसीमा हाती आली की एका कुटुंबाबरोबर त्याचे दोन शेजारीही हाती येतात, आणि त्या शेजाऱ्यांच्या नोटिसा शोधल्या की हळूहळू आळीच्या आळी उभी राहते. मृत्युलेख लिहिणारा मयताचे गुण सांगतो. नोटीस देणारा वकील गुणदोषांच्या वाटेस जात नाही, तो नाते आणि हक्क सांगतो, आणि त्यात खोटे सांगितल्यास हरकत घेणारा समोर उभा असतो. म्हणून त्याच्या शब्दाला वजन अधिक.

कर्जवसुलीचे लिलाव, दत्तकपत्राचा जाहीर खुलासा, मुखत्यारपत्र रद्द केल्याची सूचना, भागीदारी मोडल्याचे निवेदन, मुलगा वेगळा निघाल्याने त्याच्या देण्याघेण्याशी बापाचा संबंध राहिला नाही अशी ताकीद, हा सारा ऐवज त्याच रकान्यांत सापडतो. घरातल्या घरात जे कोणी पुढच्या पिढीस सांगत नाही, ते तेथे छापलेले असते. अशा वेळी शोधकाने संयम राखावा. आजोबा-पणजोबांचा तंटा सापडला म्हणून तो हयात चुलत्यांच्या माथी मारू नये.

कात्रण जसे कापले जाते तसे त्याचे आयुष्य तुटते. ज्या आजीने आपल्या धाकट्या दिराच्या सत्काराची बातमी कात्रीने कापून भगवद्गीतेच्या पोथीत ठेवली, तिला त्या दिवशी तारीख लिहिण्याची गरज भासली नव्हती. पत्राचे नावही तिने वगळले, कारण घरी एकच पत्र येत असे. सत्तर वर्षांनी नातू ते उघडतो तेव्हा हाती राहतो तो पिवळा, काठांशी चुरणारा तुकडा. लगद्याचा स्वस्त कागद आम्ल धरतो आणि प्रकाशाने ठिसूळ होतो. त्यावर चिकटपट्टी लावली की उरलेसुरले अक्षरही करपते. परंतु तारीख नाही म्हणून तो टाकून देण्याचे कारण नाही.

प्रथम त्याची पाठ वाचावी. पाठीवर अर्धवट तुटलेली जाहिरात, बाजारभाव, एखाद्या नाटकाच्या प्रयोगाची सूचना असते, आणि तिला पुढल्या बाजूची ममता नसल्यामुळे ती निर्विकारपणे काळ सांगते. भाव आणे-पैंत असेल तर तो १ एप्रिल १९५७ पूर्वीचा, कारण त्या दिवसापासून नवे पैसे चालू झाले. भात खंडी-मणांत मोजलेले असेल तर ते साधारण त्याच काळाच्या मागले, कारण दशमान वजनमापे १९५८ पासून पुढे हळूहळू रुळली. ‘मुंबई इलाखा’ हे शब्द स्वातंत्र्यापूर्वीचे, ‘मुंबई राज्य’ हे १९५० ते १९६० या दशकातले, आणि ‘महाराष्ट्र राज्य’ असे आले तर १ मे १९६० नंतरचे. जिल्ह्याचा उल्लेख ‘उत्तर कोकण’ असा आला तर आपण १८३३ च्याही मागे गेलो, म्हणजे हाती आलेला कागद वर्तमानपत्राचे कात्रण नसून एखाद्या जुन्या दस्तऐवजाची नक्कल असण्याचा संभव अधिक.

सर्वांत विश्वासू साक्षीदार मात्र शुद्धलेखन होय. ‘तें’, ‘केलें’, ‘घरीं’, ‘नांव’, ‘ठाणें’ अशी अनुच्चारित अनुस्वारांनी नटलेली अक्षरे १९६२ च्या मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनंतर वर्तमानपत्रांतून ओसरत गेली. भिवंडीच्या एखाद्या घरातल्या कात्रणावर ते टिंब दिसले की त्या घराचा तो प्रसंग बहुतेक आपल्या जन्माआधीचा, असे समजण्यास हरकत नाही. त्याहूनही मागे जाता अक्षरांचे वळणच बदलते. निर्णयसागराच्या सुबक टाइपाची छाप एकदा डोळ्यांत बसली की शिळाछापाचे पान चटकन वेगळे कळते.

तारखांची एक अडचण भिवंडीत विशेष आहे, कारण येथे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन पंचांगे चालत आली. जुन्या मराठी पत्रांत शक आणि तिथी असे. शकात अठ्ठ्याहत्तर मिळविले की इसवी सन येतो, जानेवारी ते फाल्गुन अखेरच्या तिथींस एकोणऐंशी. महसुली कागद फसली सनाचे, त्यात पाचशे नव्वद मिळवावे लागतात आणि वर्ष पावसाळ्याच्या तोंडाशी बदलते. मुसलमान कुटुंबांत बुजुर्गांच्या मृत्यूची तारीख हिजरी महिन्यांत जपलेली असते, आणि हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने तेथे सरसकट मिळवणीचा आकडा चालत नाही. तेहतीस सौर वर्षांत हिजरीची चौतीस होतात. कुटुंबात सांगितलेले वय आणि छापील नोटिशीतले वय यांत एक-दोन वर्षांचे अंतर पडले तर त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

भिवंडीचे सांगायचे तर तिच्या कुटुंबांचे थर एकावर एक चढलेले आहेत. कोकणी मुसलमानांची घराणी खाडीच्या व्यापारामुळे शतकानुशतके येथली. त्यांची घरची बोली मराठीच्या कुळातली, जमिनीचे कागद मोडीत, धर्माचे कागद अरबी-फारसीत. आगरी व कुणबी ही शेताची, मिठागराची मंडळी. भोईर, म्हात्रे, पाटील, चौधरी या आडनावांनी तालुका भरलेला, त्यामुळे केवळ आडनावावर शोध घेणाऱ्याची फसगत ठरलेली. त्यांच्याबाबतीत गाव, पाडा आणि बापाचे नाव ही तिन्ही जुळल्याखेरीज कात्रण आपल्या घरचे मानू नये. मग १८५७ च्या उठावानंतर आझमगड, मऊ, मुबारकपूर अशा भागांतून आलेले मोमीन विणकर. इंग्रजांचा सूड, दुष्काळ आणि विलायती कापडाची स्पर्धा या तिहेरी माऱ्यातून निघून त्यांनी दक्षिणेची वाट धरली आणि मालेगावाप्रमाणेच भिवंडीत हातमाग मांडले. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या सुमारास येथे यंत्रमाग आला, आणि त्याच्या मागोमाग तेलंगणातले पद्मशाली आले. पद्मानगर हे त्यांच्या वस्तीचे नाव.

आता विचार करा, मोमीन कुटुंबाच्या वंशजाने आपला पणजोबा कोठे शोधावा? मराठी पत्रात त्याचे नाव फारसे येणार नाही. आले तर फौजदारी खटल्यात, आगीच्या बातमीत किंवा नगरपालिकेच्या कराच्या नोटिशीत. त्यासाठी उर्दू पत्रांकडे गेले पाहिजे. १९३८ साली मुंबईत अब्दुल हमीद अन्सारी यांनी ‘इन्किलाब’ सुरू केला, आणि विणकर समाजाच्या सभा, शाळा, जमाती, निधी यांच्या बातम्यांना तेथे जागा मिळू लागली. पण येथे आणखी एक गुंतागुंत आहे: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या समाजाने जुन्या हिणकस हाकेचा त्याग करून ‘मोमीन’ आणि ‘अन्सारी’ ही नावे अभिमानाने धारण केली. एकाच घरातला आजा कागदावर एका नावाने, बाप दुसऱ्या आणि नातू तिसऱ्या नावाने सापडतो. हा बदल लेखनदोष समजून दुरुस्त करणे म्हणजे त्या कुटुंबाच्या इतिहासातले एक स्वाभिमानाचे पानच फाडणे होय.

गुजराती व्यापारी घराण्यांचे काम त्या मानाने सुलभ. १८२२ पासून चालू असलेल्या ‘मुंबई समाचार’सारख्या पत्रांनी मरणनोंधीची जी रीत पाडली, तीत मयताचे मूळ वतन, मुलगे, सुना, जावई, माहेर-सासर दोन्हीकडचे आप्त एकत्र दिलेले असतात. एका नोंधीतून तीन पिढ्या आणि चार गावे मिळावीत, असे मराठी निधनवार्तेत सहसा घडत नाही. तिच्यात ‘पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन मुली असा परिवार आहे’ एवढ्यावर बोळवण होते, आणि त्या पत्नीचे नावही नसते.

या अनुल्लेखाविषयी थोडे थांबून लिहावेसे वाटते. आमच्या बहुतेक घरांत विवाहानंतर मुलीचे आडनाव बदले, आणि अनेक घरांत पाळण्यातले नावही बदले. त्यामुळे वर्तमानपत्रांतून तिचा माग दोन ठिकाणी तुटतो, आणि मध्ये जो काळ तिने संसारात घालविला तो छापील जगाच्या दृष्टीने घडलाच नाही. ती परत दिसते ती विधवा म्हणून, वारस दाखल्याच्या अर्जात, ‘मयताची बायको, वय अंदाजे चाळीस, धंदा घरकाम’ अशा ओळीत. किंवा अज्ञान मुलांची पालनकर्ती म्हणून. ज्या नोटिशींविषयी मी वर इतके लिहिले, त्यांचे महत्त्व यामुळे दुणावते. घरच्या वंशवृक्षात केवळ पुरुषांची मालिका असते. ती पुरी करण्याचे काम कोर्टाच्या जाहीरनाम्यांनी नकळत करून ठेवले आहे.

आता कात्रणावर कितपत विसंबावे, याचाही निवाडा केला पाहिजे. वर्तमानपत्र घाईने छापले जाते. ‘गणेश’चा ‘गणपत’ होतो, ‘शेख’ हा ‘खान’ होतो, आणि बातमीदार भिवंडीस न जाता ठाण्यात बसून लिहितो. म्हणून कात्रणाने वाट दाखवावी आणि दफ्तराने शिक्कामोर्तब करावे, असा माझा तरी दंडक आहे. नोटिशीतला मयत खरोखर आपला असेल तर तलाठ्याच्या फेरफाराच्या वहीत, गाव नमुना सहामध्ये, त्याच्या वारसांची नोंद मिळावी. जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा, मिळाल्यास वर्षही पक्के होते. मध्यंतरी कुणबी नोंदींच्या शोधासाठी सबंध महाराष्ट्राने ही मोडीतली बुके धुंडाळली आणि मोडीवाचकांचे महत्त्व पुन्हा लोकांस कळले. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कोकणातून यात्रेस गेलेल्या यजमानांच्या पिढ्यांची नावे त्यांच्या हस्ताक्षरांसह आहेत. तिकडे एक नाव जुळले की भिवंडीतले एक सैल कात्रण भक्कम होते. मुंबईत सरकारचे पुराभिलेखागार आहे, ज्याचा आरंभ १८२१ सालचा. ठाण्यास १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, कल्याणास १८६४ चे सार्वजनिक वाचनालय आहे, आणि भिवंडीचे वाचनमंदिरही एकोणिसाव्या शतकातले. कात्रण घेऊन या दारांशी गेलेला मनुष्य क्वचितच रिकाम्या हाताने परततो.

मात्र काही कुटुंबांसाठी हे दरवाजे उशिरा उघडतात. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने भिवंडीत जो दंगा उसळला, त्यात माणसे मेली, घरे आणि माग जळाले; आणि ज्या घरांत ट्रंका जळाल्या तेथे निकाहनामे, खरेदीखते, शाळेचे दाखले, छायाचित्रे हेही राख झाले असणार, हे सांगावयास पुराव्याची गरज नाही. न्यायमूर्ती मादन यांच्या चौकशी आयोगापुढे झालेल्या जबान्या आणि त्या महिन्यांची वर्तमानपत्रे हीच आता त्या घरांची पुराणवस्तू. १९८४ मध्ये तसेच पुन्हा घडले. अशा कात्रणात आपल्या आजोबांचे नाव जखमींच्या यादीत वाचणाऱ्या नातवाला तो कागद जपून ठेवावा की दृष्टीआड करावा याचा निर्णय त्याचा त्यानेच करावयाचा. बाहेरच्या अभ्यासकाने, नावे खरी असली तरी, ती पुन्हा उच्चारण्याआधी त्या घराचा उंबरठा ओलांडून परवानगी घ्यावी, इतकेच मी म्हणेन.

भिवंडीस आज कशाची उणीव असेल तर ती एका सूचीची. मराठी, उर्दू, गुजराती आणि तेलुगू जाणणारी चार माणसे एका वाचनालयाच्या टेबलाशी बसली, आणि त्यांनी आपापल्या भाषेतल्या पत्रांतून, घरोघरच्या कात्रणांतून भिवंडीकरांची नावे उतरवून काढली, तर दहा वर्षांत त्या गावाचे पहिले लोकदफ्तर तयार होईल. प्रत्येक नावापुढे बापाचे नाव, आळी किंवा मोहल्ला, धंदा, पत्राचे नाव, दिनांक शक, हिजरी आणि इसवी या तिन्हींत, आणि मूळ कात्रण कोणाच्या घरी आहे हे लिहावे. स्त्रियांच्या नावासाठी माहेर आणि सासर असे दोन निराळे रकाने ठेवावेत. जी नावे दोन भाषांतल्या पत्रांत जुळतील त्यांना तांबड्या शाईने खूण करावी, कारण एकाच बाजारपेठेत, वऱ्हाळा तलावाच्या एकाच पाण्यावर वाढलेल्या माणसांची नावे छापील कागदावर प्रथम एकत्र येतील ती बहुधा तेथेच. कात्रण मालकाकडून काढून घेऊ नये. आज मोबाईलच्या कॅमेऱ्याने त्याची प्रत चांगली निघते, आणि मूळ कागद ज्या पोथीत, ज्या डब्यात आहे तेथेच, पेन्सिलीने मागे तारीख लिहून, परत ठेवावा.